मार्कंड्याची यात्रा आणि घरचा यात्रेकरू

यात्रेत गर्दी झाली म्हणजे दोष कुणाला द्यावा? बाहेरगावच्या माणसाला, की ज्याचे गावच देवाच्या पायथ्याशी आहे त्याला? हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या वर्गात निघाला आणि तास संपला तरी वाद संपला नाही. एक पक्ष म्हणाला, "जवळच्या गावांचे लोक वर्षभर मार्कंड्याला जातातच. महाशिवरात्रीच्या दिवशी तरी त्यांनी घरी बसावे." दुसरा पक्ष म्हणाला, "देव आमच्या गावाजवळचा, म्हणून आमची रांग वेगळी हवी. ओळखपत्र दाखवावे आणि आत जावे." माझे गाव चामोर्शी तालुक्यातले, मार्कंड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरचे. त्यामुळे मी अर्थातच दुसऱ्या पक्षात होते. पुढे माझे मत बदलले. ते का बदलले, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करीत आहे.

जागेची मर्यादा

मार्कंडादेव हे गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातील तीर्थक्षेत्र आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. येथे वैनगंगा वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, म्हणून येथील स्नानाचे महत्त्व मोठे. विदर्भाची काशी असे लोक अभिमानाने म्हणतात. सर अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ ते १८७५ च्या दरम्यान मध्य प्रांतात दौरा केला आणि येथील मंदिरसमूहाचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. हा समूह आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

गर्दीच्या प्रश्नात ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. साध्या देवळाला गर्दी वाढली तर दार रुंद करता येते, सभामंडप वाढवता येतो. येथे तसे करता येत नाही, आणि करूही नये. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने मूळ वास्तूला हात लावण्यास मनाई आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. म्हणजे भाविक कितीही वाढले तरी गाभाऱ्याचे दार तेवढेच राहणार. जागा वाढवता येत नसेल, तर हाती एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे वेळ.

वर्षभराचा पास

अर्थशास्त्राच्या तासाला मागणी आणि हंगाम हा विषय चालू असताना सरांनी अमेरिकेतील डिस्नीलँडचे उदाहरण दिले होते. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात सुरू झालेले हे करमणुकीचे उद्यान. तेथे आसपासच्या रहिवाशांत वर्षभराचा पास घेण्याची मोठी प्रथा होती. एकदा पैसे भरले की वर्षातून कितीही वेळा जा. दूरदेशीचा पाहुणा आयुष्यात एकदा येणार, सकाळी शिरून रात्री बाहेर पडणार. पासवाला कामावरून सुटल्यावर दोन-तीन तास येणार, फिरून, खाऊन घरी जाणार. त्याला सगळे पाहायची घाई नसते, कारण उद्याही येता येते. तरीही गर्दीचा बोल बहुधा पासवाल्यांनाच लावला जाई. जानेवारी २०२१ मध्ये व्यवस्थापनाने ही जुनी पासपद्धत बंद केली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नवी आणली. तीत पास असला तरी येण्याचा दिवस आधी नोंदवावा लागतो, आणि स्वस्त पासाला गर्दीचे अनेक दिवस वर्ज्य असतात. थोडक्यात, त्यांनी पासवाल्याला नाकारले नाही, त्याची वेळ बदलली.

मला हे ऐकताना आमची आजी आठवली. तिच्याकडे कसला पास असणार! पण सोमवार म्हटला की ती मार्कंड्याला निघते. श्रावणात तर चुकतच नाही. देवाच्या दारी तिकीट नाही, म्हणजे जवळच्या गावातला प्रत्येक माणूस जन्मतःच पासधारक. मग तो गर्दीत भर घालतो की गर्दी हलकी करतो?

गर्दीचे गणित

गर्दी म्हणजे नुसती माणसांची संख्या नव्हे. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ साली रांगांविषयीचे एक सूत्र सिद्ध केले. ते इतके सोपे आहे की आमच्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही सहज कळावे. एखाद्या जागी सरासरीने किती माणसे असतील? दर मिनिटाला जितकी येतात, त्याला प्रत्येक जण जितकी मिनिटे थांबतो त्याने गुणावे. मिनिटाला २० माणसे आली आणि प्रत्येक जण ५ मिनिटे थांबला, तर तेथे १०० माणसे असतील. तीच १० मिनिटे थांबली तर २०० होतील. येणारे वाढले नाहीत, तरी गर्दी दुप्पट झाली!

आता हे यात्रेला लावून पाहू. दूरचा यात्रेकरू पहाटेच्या एस.टी.ने येतो, नदीवर स्नान करतो, रांगेत उभा राहतो, वाळूवर बसून शिदोरी सोडतो, बाजार करतो आणि परतीच्या गाडीची वाट पाहतो. त्याचा सारा दिवस तेथे जातो. गावचा माणूस घरून स्नान करून येतो, जेवायला घरी परततो. एका माणसाने पाच दिवस तासभर येणे आणि पाच माणसांनी एकाच दिवशी दिवसभर थांबणे, यांत महदंतर आहे.

शिवाय जो वारंवार येतो, त्याचे थोडक्यात समाधान होते. पंढरपूरला हे नेहमी दिसते. आषाढीला रांग फार लांबली की कित्येक जुने वारकरी चंद्रभागेचे स्नान करतात, नामदेव पायरीवर डोके टेकतात, कळसाला हात जोडतात आणि माघारी फिरतात. वारी पुरी झाली असे ते मानतात, कारण पुढची वारी आहेच. जो पहिल्यांदाच आला, त्याला मात्र विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवल्यावाचून जाववत नाही, आणि ते योग्यच आहे.

रांगेवर उभी असताना

२०२५ साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकातून मी मार्कंड्याला रांगेवर स्वयंसेविका म्हणून उभी होते. 'हर हर महादेव'च्या गजरात दुपारपर्यंत उसंत मिळाली नाही. रांगेतल्यांना गाव विचारण्याची मला सवयच लागली. दुपारच्या रांगेत बहुतेक नावे दूरची येत होती. आमच्या बाजूच्या खेड्यांतील माणसे रांगेत तुरळक, पण रांगेबाहेर मात्र भरपूर होती. कुणी पाणी वाटत होते, कुणी चहाची टपरी लावली होती, कुणाच्या घरी पाहुणे उतरल्यामुळे स्वयंपाकातून सुटकाच नव्हती. म्हणजे भर दुपारी मंदिरात जी गर्दी होती, ती घरच्या यात्रेकरूंची नव्हती.

परंतु सत्य सांगायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उन्हे उतरली आणि चित्र पालटले. आमच्याच गावांची पोरे मोटारसायकली घेऊन पाळणे आणि बाजार पाहायला निघाली. त्यांत माझा भाऊही होता. त्यांचे म्हणणे एकच : "दिवसा गर्दी असते, संध्याकाळी जाऊ." प्रत्येकाने हाच शहाणपणा केला, म्हणून संध्याकाळीच गर्दी झाली. त्याच वेळी दूरची माणसे पोरेबाळे आणि गाठोडी घेऊन गाडी पकडायला बाहेर पडत होती. आत येणारी मोटारसायकल आणि बाहेर जाणारी म्हातारी एकाच अरुंद रस्त्यावर समोरासमोर. एक पोर आईच्या हातून सुटून रडत उभे होते, ते आम्ही उचलून घेतले. आई सापडेपर्यंत माझ्या जिवाचे पाणी झाले.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविक मरण पावले. जाणारे आणि येणारे एकाच चिंचोळ्या वाटेवर अडकले की काय होऊ शकते, हे तेव्हापासून महाराष्ट्राला सांगावे लागत नाही.

तेव्हा माझे पाहणे असे सांगते : घरच्या यात्रेकरूने मंदिरातली गर्दी वाढत नाही, वाढते ती रस्त्यावरची, आणि तीही त्याच्या संख्येमुळे नव्हे, तर सर्वांनी एकच वेळ धरल्यामुळे.

वेगळी रांग का नको?

आता वेगळ्या रांगेचा प्रश्न. दोन रांगा केल्या तरी दार एकच आहे. उदाहरणासाठी धरून चालू, की एका भाविकाला दर्शनाला १० सेकंद लागतात. तासाला ३६० माणसे झाली. दुपारी बाजूच्या रांगेतून २०० गावकरी आत सोडले, तर २,००० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून अधिक वेळ मुख्य रांग जागची हलणार नाही. पहाटेपासून उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा हा अर्धा तास आपण त्याला न विचारता घेतला असे होईल. तेच २०० गावकरी रात्रीच्या शेवटच्या प्रहरी किंवा दुसऱ्या दिवशी आले, तर कुणाचेच काही जात नाही.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाचे उदाहरण आहे. तेथे प्रत्येक प्रवेशद्वारातून किती गाड्या आत जायच्या हे ठरलेले असते आणि जागा आधी नोंदवावी लागते. जंगलासाठी ते योग्यच आहे. पण यात्रेला दाराशी मोजून माणसे घेता येणार नाहीत. तीनशे किलोमीटरवरून आलेल्याला 'आजची संख्या संपली' असे कोण सांगणार? म्हणून ज्याला वेळ बदलणे सोपे आहे, त्यानेच ती बदलावी. तो म्हणजे घरचा यात्रेकरू.

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी करता येतील. पहिली, जवळच्या गावांनी ग्रामसभेत बसून यात्रेच्या दिवसांत आपापल्या दर्शनाचा दिवस ठरवावा. सर्वांनी मिळून एकच 'रिकामी' वेळ धरू नये. दुसरी, संध्याकाळी गावच्या मोटारसायकली यात्रेच्या बाहेरच थांबवाव्यात आणि जाण्या-येण्याचे रस्ते वेगळे करावेत. तिसरी, सवलत द्यायचीच तर ती गाव पाहून न देता वय आणि शरीर पाहून द्यावी. म्हातारी माणसे, अपंग, लेकुरवाळ्या बाया, मग त्या कुठल्याही गावच्या असोत.

आजीची शिवरात्र

ही तिसरी सूचना मला सुचली ती आजीमुळे. एवढ्या वर्षांत तिने महाशिवरात्रीच्या दिवशी कधी दर्शन घेतलेच नव्हते. दरवर्षी म्हणायची, "आपला देव घरचा हाये, पोरी. पाव्हन्यायले पयले जाऊ दे." २०२५ साली मात्र तिने हट्ट धरला. गुडघे थकले आहेत, पुढच्या वर्षीचे कुणी सांगावे, एकदा तरी शिवरात्रीलाच जाते म्हणाली. मी रांगेवर होते. ओळखीच्या स्वयंसेवकाने खुणेने विचारले, "सोडू का मधून?" मी मान हलवली नाही. आजी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिला किती वेळ लागला ते मी मोजले नाही, पण तिच्याकडे वळून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही, हे खरे.

बाहेर आल्यावर ती रागावली असेल असे वाटले. ती पायरीला टेकून बसली आणि म्हणाली, "माह्यापुढे सिरोंच्याची एक बाई होती. पयल्यांदाच आली होती बिचारी." बस्स, एवढेच.

मी बरोबर केले असे मला आजही ठामपणे म्हणता येत नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी सोय असती, तर आजीही लवकर सुटली असती आणि ती सिरोंच्याची बाई म्हातारी असती तर तीही. मात्र 'आम्ही इथले' एवढ्याच आधारावर पुढे जाणे मला आता पटत नाही. ज्याला वर्षाचे सगळे दिवस मिळाले आहेत, त्याने एक दिवस दुसऱ्याला द्यावा, एवढाच या लेखाचा मथितार्थ. वर्गातील माझ्या पूर्वीच्या पक्षाने याचे उत्तर द्यावे. ते ऐकण्यास मी तयार आहे.