पूनम सागरहून परीक्षेला जाणाऱ्या मुलांसाठी

मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये राहूनच माझं बी.कॉम. झालं. आता सेमिस्टरच्या तारखा लागल्या की आमच्या इमारतीतली मुलं ‘ताई, काय करू?’ विचारत येतात. त्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे.

1. आधी जागा ठरवा. वन बीएचकेमध्ये चार-पाच माणसं, टीव्ही आणि कुकरच्या शिट्ट्या. तिथे ‘सकाळी सहा ते दहा अकाउंट्स’ हे वेळापत्रक कागदावरच राहतं. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की आमचं स्वयंपाकघर मोकळं व्हायचं आणि मी तिथे बसायचे. तुमच्या घरात कुठला कोपरा कधी मोकळा होतो ते पाहा आणि सगळ्या पेपरांच्या तारखा फ्रिजवर चिकटवा. आईवडिलांना तारीख माहीत असली, की पाहुण्यांना तेच परस्पर पुढच्या आठवड्यात बोलावतात. घरात जमतच नसेल तर अभ्यासिकेत जा, पण रोज त्याच वेळी.

2. पुस्तक मिटून लिहा. मला यापेक्षा महत्त्वाचं काहीच वाटत नाही. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रोसेस कॉस्टिंग सोपंच वाटतं. कोरा कागद समोर आला की ‘ॲबनॉर्मल लॉस’ कुठे टाकायचा तेच आठवत नाही. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत न बघता आठवून लिहिणारे त्यांच्या पुढे गेले. परीक्षा आठवड्यांनंतरच असते. म्हणून एक प्रकरण वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते लिहा आणि मगच उघडून राहिलेलं बघा. याचा कंटाळा येतो, डोकं दुखतं, आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. तरी लिहा. दोन दिवसांनी तेच प्रकरण पुन्हा असंच लिहून बघा.

3. गुणांप्रमाणे वेळ वाटा. 75 गुणांच्या पेपरला अडीच तास असतील, तर एका गुणाला दोन मिनिटं आणि 15 गुणांच्या प्रश्नाला अर्धा तास. बॅलन्सशीट जुळत नसली तरी अर्ध्या तासाने पुढच्या प्रश्नाकडे वळा. पायऱ्यांना गुण मिळतात, कोऱ्या पानाला मिळत नाहीत. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्या, की हे आपोआप अंगवळणी पडतं.

4. लोकलचा विचार आदल्या दिवशीच करा. विरारहून आलेली गाडी सकाळी मीरा रोडला येते तीच खच्चून भरलेली, आणि हॉल तिकीट हातात असताना दारात लोंबकळण्याची ही वेळ नाही. भाईंदरहून सुटणारी गाडी पकडा, नाहीतर स्लो लोकलने लवकर निघा. केंद्र अनोळखी असेल तर आदल्या दिवशी जाऊन फाटक बघून या. स्टेशनपर्यंत रिक्षा मिळेलच, या भरवशावर तर मुळीच राहू नका.

5. पेपर सुटल्यावर प्लॅटफॉर्मवर उत्तरं ताडून बघू नका. घरी या, जेवा, झोपा.

6. केटी लागली तरी रस्ता बंद होत नाही. निकालाची शंका असेल तर मुदत संपण्याआधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करा. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या, तेव्हा निकाल किती रखडले आणि किती मुलांचे पुढचे प्रवेश टांगणीला लागले, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. निकालाचा प्रत्येक आकडा तुमच्या लायकीबद्दल बोलत नसतो, हे मुलांइतकंच पालकांनाही मी कळकळीने सांगते. ‘शेजारच्याला किती पडले?’ हा प्रश्न त्या संध्याकाळी घरात निघताच कामा नये. आणि झोप उडाली, जेवण जाईना, जगणंच नको वाटू लागलं, तर एकट्याने सोसू नका. ‘टेली-मानस’चा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो आजच फोनमध्ये साठवून ठेवा, मित्रालाही पाठवा.