गाळाच्या तळ्याभोवती निरीक्षण विहिरी



खाणीतले खनिज धुतले की बारीक गाळ उरतो. तो बांध घालून तळ्यात साठवतात. गोव्यात डिचोली, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणी झाल्या आणि त्याच धारबांदोड्यात संजीवनी सहकारी साखर कारखानाही उभा राहिला. खाण आणि ऊस असे एकाच तालुक्यात आले. शिवाय कित्येक कारखान्यांत आसवनीचे सांडपाणीही तळ्यातच साठते. तेव्हा हा विषय आपल्याही विहिरीचा आहे.

बांध फुटला की जगाला कळतं. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमध्ये ब्रुमादिन्यो येथे खाणीच्या गाळाचा बांध फुटून २७० माणसे दगावली. पण तळातून झिरपणारे पाणी आवाज करीत नाही. ते ओळखायला निरीक्षण विहीर लागते.

ती कुठं घ्यायची? उदाहरणापुरते कर्जतजवळचे उल्हास नदीकाठचे दहिवली घेऊ. समजा, तिथे उंचावर असे तळे आहे. जमिनीखालचे पाणी साधारणपणे चढाकडून नदीकडे चालते. म्हणून एक विहीर तळ्याच्या वरच्या अंगाला, मूळ पाणी कसे आहे ते कळण्यासाठी. आणि निदान दोन खालच्या अंगाला. तीन ठिकाणच्या पातळ्या मिळाल्या की प्रवाहाची दिशा काढता येते. पुरात नदीचे पाणी उलट जमिनीत शिरते, म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, दोन्ही वेळी मोजावे. दहिवलीचा काळा पाषाण घाटमाथ्यावरही आहे. त्यात पाणी भेगांतून चालते. भेग चुकली तर विहीर खोटा निर्वाळा देते. जागा भूजलतज्ज्ञाकडूनच ठरवून घ्यावी.

बांधणी अशी : बोअर घेऊन त्यात प्लॅस्टिकचा पाइप सोडतात. पाणी लागते तेवढ्याच भागात पाइपाला चिरा ठेवतात व भोवती धुतलेली बारीक खडी भरतात. त्यावर फुगणाऱ्या बेंटोनाइट मातीचा थर आणि वर जमिनीपर्यंत सिमेंट. ही सीलबंदी नसेल तर वरचे पावसाचे पाणी आत उतरते आणि तपासणी फुकट जाते. तोंडाला कुलूपबंद झाकण हवेच.

नमुना घेताना आधी पातळी मोजावी. मग साठलेले पाणी तिपटीने उपसून टाकावे. १०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात १० मीटर पाणी असेल तर ते सुमारे ७८ लिटर भरते; म्हणजे सुमारे २३५ लिटर उपसावे. त्यानंतरचे पाणी स्वच्छ बाटलीत.

आता मुख्य गोष्ट. या विहिरी तळे भरण्यापूर्वी घ्यायच्या. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरी सोय नसल्यास २,०००. समजा खालच्या विहिरीत ३०० चे ९०० झाले आणि वरच्या विहिरीत ३०० च राहिले, तर बोट तळ्याकडे जाते. पण पहिले ३०० कुणी लिहूनच ठेवले नसतील, तर "तुमचं पाणी पहिल्यापासूनच असं होतं" या उत्तरापुढे आपण काय बोलणार?

म्हणून गावाजवळ कुठलेही तळे होणार असेल, तर पहिली नोंद मागा. आपल्या विहिरीचे पाणीही तपासून कागद जपून ठेवा. कारखान्याच्या तळ्याबाबत हाच प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारा. भागधारक म्हणून तो आपला हक्क आहे आणि शेतकरी म्हणून गरजही.