एक तिकीट, दोन विमान कंपन्या: पुढचं विमान चुकलं तर?

व्हिडिओत घाईत सांगितलेले मुद्दे इथे नीट लिहून देतोय.

तलासरी-डहाणूच्या मालाला परदेश नवा नाही. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं १९८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात होती. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. म्हणजे आज ना उद्या तुम्हालाही प्रदर्शनासाठी विमानात बसायचंय.

समजा, मुंबईहून आखातात एका कंपनीचं विमान आणि तिथून युरोपात दुसऱ्या कंपनीचं. पहिलं विमान तीन तास लेट झालं, दुसरं निघून गेलं. उद्या सकाळी स्टॉल लावायचाय. आता कुणाला धरायचं?

आधी बघा, तिकीट खरंच एक आहे का?

पैसे एकदाच भरले म्हणजे तिकीट एकच, असं नाही. काही वेबसाइट दोन वेगळी तिकिटं एकत्र विकतात. ई-तिकिटावरचा १३ आकडी तिकीट नंबर बघा. दोन्ही विमानांना साधारणपणे एकच नंबर असेल, तर प्रवास एकच करार आहे. पीएनआर मात्र दोन कंपन्यांचे वेगळे असू शकतात, त्यावरून घाबरू नका. तिकीट नंबरच वेगळे असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी. नवं तिकीट बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून.

तिकीट एक असेल तर

१. ज्या कंपनीमुळे उशीर झाला, तिच्या ट्रान्सफर काउंटरवर आधी जा. पुढच्या विमानात जागा मागा. "त्यांच्याकडे जा" असं म्हणून टोलवलं, तर तिकीट ज्या कंपनीने काढून दिलं तिला लगेच फोन करा.

२. उशीर का झाला, ते लेखी मागा. बोर्डिंग पास आणि जेवण-हॉटेलची बिलं जपून ठेवा.

३. रागाच्या भरात मधला टप्पा सोडून स्वतःच दुसरं तिकीट काढू नका. एक टप्पा वापरला नाही, तर पुढचे टप्पे, अगदी परतीचासुद्धा, रद्द होऊ शकतात.

कायदा काय म्हणतो?

भारत २००९ पासून मॉन्ट्रियल करारात आहे. त्यानुसार उशिरामुळे झालेलं नुकसान ज्या कंपनीच्या टप्प्यात उशीर झाला तिच्याकडे मागायचं. मात्र शक्य ते सगळे उपाय केले होते, हे तिने सिद्ध केलं तर ती सुटते. सामानाचं वेगळं आहे. तिथे पहिली कंपनी, शेवटची कंपनी आणि जिच्याकडे घोळ झाला ती, तिघीही जबाबदार. सामान उशिरा मिळालं तर मिळाल्यापासून २१ दिवसांत, मोडलं-फाटलं तर ७ दिवसांत लेखी तक्रार हवी. तोंडी तक्रार चालत नाही.

परतीच्या प्रवासासाठी एक निकाल लक्षात ठेवा. प्रागहून अबूधाबीमार्गे बँकॉकला जाणाऱ्या प्रवाशांचं बुकिंग एकच होतं. पहिलं विमान झेक कंपनीचं, वेळेवर पोचलं. दुसरं एतिहादचं, ते आठ तासांहून जास्त लेट. तरी ११ जुलै २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने ठरवलं की भरपाई पहिल्या, म्हणजे झेक कंपनीकडे मागता येईल. युरोपातून निघणाऱ्या अशा प्रवासात शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशीर झाला, तर ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. खराब हवामानासारख्या कारणांना ती लागू नाही.

एक सूचना

हे सगळं विमान लेट झालं तर. हायवेवरच्या ट्रॅफिकमुळे तुम्हीच मुंबईला उशिरा पोचलात, तर कंपनी जबाबदार नाही. तलासरीहून निघताना हातात भरपूर वेळ ठेवा. आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी पोचा. एका रात्रीचं हॉटेल बुडालेल्या ऑर्डरपेक्षा स्वस्तच पडतं. चित्रांचे चार-पाच नमुने हातातल्या बॅगेत ठेवा.

आजचा गृहपाठ: जुनं एखादं ई-तिकीट काढा आणि तिकीट नंबर शोधा. एजंट पुढचं तिकीट पाठवेल, तेव्हा पैसे देण्याआधी एवढंच विचारा, "दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत ना?"