तिथी पाहा, तर गाठा

ढोकीहून समुद्र तीनशे किलोमीटरहून अधिक लांब. गाव उसाचं, तेरणा कारखान्याचं. होडी दिसली तर एखाद्या धरणाच्या पाण्यात. पण शेजारच्या तेरचा समुद्राशी संबंध दोन हजार वर्षांचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तेरचा उल्लेख ‘तगर’ म्हणून येतो. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं हे शहर. तिथलं कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरावर नेलं जाई. आज तेवढं अंतर एका रात्रीच्या झोपेत कापता येतं. समुद्रावर पोचल्यावर पुढं काय करायचं, इथं मात्र अनेकांची गाडी गेटवे आणि चौपाटीपाशीच अडते.

त्यापेक्षा वेसावे-मढ-मनोरी-गोराई ही फेरी करून पाहावी. मुंबईच्या उत्तर उपनगरांचा हा समुद्राकडचा काठ. वाटेत तीन खाड्या आणि तीन तरी, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या बोटी, लागतात. सकाळी वेसाव्याला पाणी ओलांडायचं आणि संध्याकाळी बोरिवलीला उतरायचं. डोंगर नसला तरी ट्रेकची शिस्त इथंही लागते, कारण वेळ पाळायची ती घड्याळाची कमी आणि भरती-ओहोटीची जास्त.

भरतीचं गणित कॅलेंडरवरच सापडतं. चालू तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि दर दिवशी हे सगळं पाऊण तास-पन्नास मिनिटांनी पुढं सरकतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांगाची सौम्य भरती. या फेरीसाठी तृतीया-चतुर्थी सगळ्यात सोयीची, मग पंधरवडा शुद्ध असो वा वद्य. सकाळी ओहोटी असल्याने मढचे वाळूचे पट्टे उघडे मिळतात आणि दुपारी मनोरी-गोराईकडे वळेपर्यंत खाडीत पाणी चढलेलं असतं. वद्य चतुर्थीला संकष्टी येते, तेव्हा उपवास करणाऱ्यांची माशांच्या बाबतीत पंचाईत. त्यांनी एक दिवस आधीच निघावं.

लातूर-मुंबई रात्रीची गाडी काही वारी बिदरहून सुटते. ढोकीकरांनी धाराशिवला चढणं बरं, आणि शनिवार-रविवार साधायचा तर आरक्षण आधीच करावं. हा लोहमार्ग मुळात बार्शी लाइट रेल्वेचा. १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी असा सुरू झाला आणि १९११ साली लातूरला पोचला. अरुंद रुळांवरची ती छोटी गाडी जुन्या लोकांना अजून आठवते. मुंबईत पश्चिम रेल्वेची लोकल पकडून अंधेरी गाठावी. तिथून वर्सोव्याची, म्हणजे वेसाव्याचीच, मेट्रो. मुंबईची ही पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. मात्र मेट्रो स्टेशन म्हणजे जेट्टी नव्हे. पुढं रिक्षा करून “वेसावा कोळीवाडा, जेट्टी” असं सांगावं.

वेसाव्याच्या किनाऱ्यावर एके काळी प्लास्टिकचा थर होता. अफरोज शाह या वकिलाने २०१५ साली सफाई सुरू केली, माणसं जोडली गेली आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली.

वेसाव्याहून मढला नेणारी तर काही मिनिटांची. बोटीत माणसं, मासळीच्या टोपल्या आणि चक्क मोटारसायकलीही असतात. सुटे पैसे वरच्या खिशात ठेवावेत. ओहोटीला पायऱ्यांवर शेवाळ असतं; गुळगुळीत तळव्याच्या चपला इथं कामाच्या नाहीत, पट्ट्याच्या सँडल घालाव्यात.

पलीकडे मढ. इथल्या किल्ल्याला वेसाव्याचाच किल्ला म्हणतात, जरी तो खाडीच्या या अंगाला असला तरी. बांधला पोर्तुगीजांनी, आणि चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत फेब्रुवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. आज तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, त्यामुळे बाहेरूनच पाहायचा. खालच्या खडकांवरून तटबंदी छान दिसते. कोळीवाड्यात बांबूच्या वलांड्यांवर बोंबील जोडीजोडीने वाळत असतात. लख्ख ऊन पर्यटकाला टोचतं, पण बोंबलाला तेच हवं असतं. फोटो काढण्याआधी तिथल्या मावशींना विचारावं.

मढहून मालाडकडे जाणारी २७१ नंबरची बेस्ट बस एरंगळ आणि अक्सावरून जाते. एरंगळला समुद्राला लागून सेंट बोनाव्हेंचर चर्च आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथली जत्रा भरते. त्या दिवशी गर्दी आवडत असेल तरच जावं. अक्सा पाहावं, पण पाण्यात उतरू नये. तिथली वाळू पायाखालून सरकते आणि ओढ जबरदस्त असते. आजवर तिथं कितीतरी जण बुडाले आहेत. विहिरीत, कालव्यात पोहायला शिकलेल्यांनी तर जास्तच जपावं, कारण हे पाणी मागं खेचतं.

मार्व्याच्या फाट्याला उतरून दुसरी तर पकडायची. पलीकडच्या मनोरीत कौलारू घरं, क्रूस आणि मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसं. ते स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या पन्नाशीच्या सुमारास त्यांनी हे नाव उचललं. गोवा-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून स्थानिक ख्रिस्ती वेगळे ओळखू यावेत, हा हेतू. जेवण इथंच उरकावं. भाकरी आणि मासळीचं कालवण मिळालं तर पोळी मागू नये.

मनोरीहून रिक्षाने गोराई. ग्लोबल विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट लांबूनच दिसतो. ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आतल्या भव्य दालनात एकही खांब नाही आणि एका वेळी आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. सावली आणि शांतता दोन्ही मिळतात, आणि चारच्या उन्हात पहिलीची किंमत जास्त वाटते.

तिसरी तर गोराई खाडीची. ती अंधार पडायच्या आत घ्यावी. बोरिवलीहून लोकल आणि मग रात्रीची परतीची गाडी. या सगळ्यासाठी ऑक्टोबर ते मे हे महिने ठीक, त्यातही डिसेंबर-जानेवारी उत्तम. दोन लिटर पाणी, टोपी, फोनसाठी प्लास्टिकची पिशवी आणि एक कोरडा सदरा एवढं सामान पुरतं.

बोंबील घ्यायचेच असतील तर सुके घ्यावेत, वर्तमानपत्रात गुंडाळून दोन पिशव्यांत घट्ट बांधावेत आणि झाकणाच्या डब्यात ठेवावेत. तरी कुर्डुवाडी यायच्या आत शेजारच्या बर्थवरून कुणीतरी विचारतंच, “काय आणलंय हो?”