कॅमेऱ्यासमोर कशी उभी राहू?

प्रश्न : मी ५१ वर्षांची. साताऱ्यात घरगुती कांदा-लसूण मसाला करते, ओळखीत तो चांगला खपतो. मुलगी म्हणते, इन्स्टाग्रामवर स्वतः दिसल्याशिवाय धंदा वाढणार नाही. या वयात फार संकोच वाटतो. काय करू?

उत्तर : ताई, मुलीचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. गिऱ्हाइकाला माणूस दिसायला हवा, पण चेहराच हवा असं नाही. हात दिसू द्या. मिरच्यांची देठं खुडताना, खोबरं तांबूस होईपर्यंत भाजताना फोनचा कॅमेरा लावून ठेवा. कढईतला आवाज तसाच राहू द्या, वर गाणं चढवू नका. कांद्यात ओल राहिली तर मसाल्याला बुरशी का धरते, हे तुम्ही अर्ध्या मिनिटात सांगाल. विशीतल्या रीलवाल्याला ते पाठ करावं लागेल. (पुढे चेहरा दाखवलात तर केसांना कलप नको. मसाल्याच्या धंद्यात पांढरे केस भाव खातात!)

ऑर्डरींसाठी वेगळ्या नंबरावर व्हॉट्सअॅप बिझनेस घ्या आणि कॅटलॉगमध्ये वजन, किंमत, तिखटपणा लिहा. गूगलवर अभिप्राय जुन्या गिऱ्हाइकांकडून मागा, भाचे-पुतण्यांकडून नको. ते लगेच ओळखू येतं.

पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा नोंदणीचा, १४ अंकी क्रमांक हवाच. मसाल्याचं नाव मात्र आधी ठरवा. नुसत्या गावाच्या नावावर ट्रेडमार्क मिळणं अवघड असतं. वेगळं नाव शोधून ट्रेडमार्कच्या ३० व्या वर्गात (मसाले त्यातच येतात) अर्ज करा. नोंदणी १० वर्षांसाठी मिळते, पुढे नूतनीकरण होतं. त्याच नावानं इन्स्टाग्रामचं खातं उघडा. पासवर्ड मुलीकडे असू दे, पण तुमच्या वहीतही लिहून ठेवा.