बनशंकरी ते अबू सिंबल

प्राचीन इजिप्त म्हटले की पिरॅमिड डोळ्यांसमोर उभे राहतात. या पाठातील कुटुंबही पिरॅमिड पाहण्यासाठीच निघाले होते. परंतु त्यांच्या मनात घर करून राहिले ते दुसरेच एक स्थळ. ते कोणते व का, हे आता पाहू.

बंगळुरूच्या दक्षिण भागात बनशंकरी नावाची मोठी वसाहत आहे. कनकपुरा रस्त्यावरील बनशंकरी देवीच्या मंदिरावरून तिला हे नाव मिळाले. १९१५ साली उभारलेल्या या मंदिरात राहुकाळी लिंबाच्या सालीत तेलवात घालून दिवे लावण्याची प्रथा आहे. नोकरीच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील आजी दर मंगळवारी असे दिवे लावीत. त्यांचे माहेर मात्र दूर, पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, भीमेकाठच्या पळसदेव या गावी. उजनी धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा सारे गाव उठून वर, पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूला आले. १९८० साली धरण पूर्ण झाले. पळसनाथाचे प्राचीन मंदिर मात्र होते तेथेच राहिले. एरवी ते पाण्यात असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की शिखर दिसते आणि एखाद्या दुष्काळी वर्षी सारे मंदिर उघडे पडते.

मुलाने व सुनेने इजिप्तचा बेत आखला तेव्हा, “तुम्ही जा, मी घर सांभाळते,” असे आजी म्हणाल्या. नातीने काही ते ऐकले नाही.

प्रवासाचा आरंभ कैरोजवळच्या गिझा येथून झाला. खुफू राजाचा पिरॅमिड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. मूळची उंची सुमारे १४६ मीटर. आता ती १३८ मीटरच्या आसपास उरली आहे. त्यात अंदाजे तेवीस लाख दगड असावेत, असे अभ्यासक मानतात. नात हे सर्व वाचून दाखवीत होती. आजींचे लक्ष उंटवाल्यांच्या घासाघिशीकडे अधिक होते. २०२५ च्या नोव्हेंबरात उद्घाटन झालेले भव्य संग्रहालय तेथून जवळच आहे. तुतानखामेन या तरुण राजाच्या कबरीत १९२२ साली हॉवर्ड कार्टर यांना सापडलेला खजिना तेथे पाहावयास मिळतो. तो पाहण्यात एक दिवस गेला, तरी पाय निघेना. पुढे लक्सर येथे कर्नाकच्या मंदिरातील १३४ खांबांचे दालन पाहिले. त्या खांबांच्या दाटीत माणूस अगदी मुंगीएवढा वाटतो.

आस्वानहून अबू सिंबलची वाट सुमारे तीनशे किलोमीटरची, सगळी वाळवंटातून. पहाटेच्या अंधारात निघालेली गाडी उन्हे वर येता येता तेथे पोहोचली. सरोवराच्या काठी, डोंगराच्या कुशीत दुसऱ्या रामसेस राजाचे सुमारे वीस मीटर उंचीचे चार पुतळे बसलेले होते. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हे मंदिर उभ्या कातळात खोदून काढले गेले. आपल्याकडील वेरूळची लेणी आठवावीत, म्हणजे त्याची कल्पना येईल.

आस्वानचे मोठे धरण १९६० साली सुरू होऊन १९७० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात हे मंदिर बुडणार होते. म्हणून युनेस्कोने १९६० साली जगाला साद घातली. भारतानेही तिला प्रतिसाद दिला, बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्वज्ञांनी तेथील अफयेह या ठिकाणी उत्खनन केले. अबू सिंबलचे काम सर्वांत अवघड होते. बांधलेले मंदिर दगड दगड सुटे करता येते. डोंगरात कोरलेले कसे उचलावे? शेवटी डोंगरच कापला. १९६४ ते १९६८ या काळात मंदिराचे हजाराहून अधिक तुकडे करण्यात आले. काहींचे वजन तीस टनांपर्यंत होते. ते सुमारे ६५ मीटर उंचावर व २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जुळविले आणि भोवती कृत्रिम डोंगर रचला. दारातील एका पुतळ्याचा वरचा भाग भूकंपात पूर्वीच कोसळला होता. तो पडलेला भागही जसा होता तसाच पायाशी आणून ठेवला! वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी व २२ ऑक्टोबरच्या सुमारास, उगवत्या सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यात पोहोचतात. तो योगही जपला गेला.

नात हे सांगत असताना आजी सरोवराकडे पाहत होत्या.

“देव वर आणले, ते बरे झाले,” त्या म्हणाल्या. “पण इथली माणसे गं? ती कुठे गेली?”

नातीने वाटाड्याला इंग्रजीत विचारले. तो क्षणभर थांबला. तो स्वतः न्युबियन होता. या पाण्याखाली त्याच्या आजोबांचे गाव होते. इजिप्तमधील सुमारे पन्नास हजार न्युबियन लोकांना १९६३-६४ मध्ये उत्तरेस कोम ओम्बो परिसरात हलविले गेले. नवी घरे सिमेंटची, एका रांगेतील. नाईलचा काठ लांब पडलेला. मातीच्या भिंतींवरील रंगीत नक्षी, खजुराची झाडे, पूर्वजांच्या कबरी, सारे मागे राहिले. निघण्यापूर्वी त्याची आजी कबरींवर पाणी शिंपडून आली होती.

धरण व्यर्थ होते, असे कोणी म्हणणार नाही. आस्वानमुळे पूर आटोक्यात आले, वीज मिळाली, बारमाही शेती वाढली. उजनीच्या पाण्यावर आजींच्या भावाचाही ऊस उभा आहे. तरीही कोणता दगड वाचवावा याचा जेवढा काटेकोर हिशेब झाला, तेवढा माणसांच्या अंगणांचा झाला नाही, हे मान्य करावे लागते.

वाटाड्याने आजींना त्यांच्या नदीचे नाव विचारले. “भीमा,” आजी म्हणाल्या. त्याने ते दोनदा उच्चारून पाहिले. मग दोघेही काही न बोलता पाण्याकडे पाहत उभे राहिले. एकाची भाषा दुसऱ्यास येत नव्हती.

बनशंकरीला परतल्यावर मंगळवारी आजी नेहमीप्रमाणे देवळात जाऊन आल्या. संध्याकाळी त्यांनी मुलाला विचारले, “मे महिन्यात उजनीचे पाणी किती खाली जाते रे?”

“पाऊस कसा होतो त्यावर आहे, आई. का गं?”

“पळसनाथाला जाऊन येऊ. हिलाही दाखवू, आमचे घर कोणत्या अंगाला होते ते.”