एका दिवसापुरता मान्ना



प्रभूने शिकवलेली प्रार्थना आपण दिवसातून किती वेळा म्हणतो? संध्याकाळच्या रोझरीतच ती सहा वेळा येते. शिवाय सकाळी उठल्यावर, मिस्सामध्ये, समूहाच्या बैठकीत, मयताच्या घरी. इतकी ओठांवर बसलेली प्रार्थना म्हणताना शब्दांकडे लक्ष राहत नाही, हे आम्हीही कबूल करतो. त्या प्रार्थनेत आपण देवपित्याकडे भाकर मागतो, ती रोजची, आणि तीही फक्त आजच्यापुरती. मग ‘आमेन’ म्हणतो आणि त्याच क्षणी मनाने दहा वर्षे पुढे जातो. मुलाचे कर्ज फिटेल का, मुलीचे जमेल का, गुडघ्याचे ऑपरेशन कधी करावे, जागेच्या दाव्याचे काय होईल? तोंडाने एका दिवसाचे मागायचे आणि डोक्यावर मात्र सगळ्या आयुष्याचे ओझे घ्यायचे, असे आपले चालते.

‘रोजची’ म्हणून आपण जो शब्द वापरतो त्याची मूळ ग्रीक भाषेतली गोष्ट मोठी नवलाची आहे. मत्तय आणि लूक या दोघांनी ही प्रार्थना दिली आहे आणि दोघांनी या ठिकाणी एकच शब्द वापरला आहे. नव्या करारात तो दुसरीकडे कुठेच येत नाही. संत जेरोम यांनी बायबलचे लॅटिन भाषांतर केले तेव्हा लूकच्या शुभवर्तमानात त्यांनी त्याचा अर्थ ‘दररोजची’ असा केला, तर मत्तयच्या शुभवर्तमानात त्याच शब्दासाठी ‘सर्व पदार्थांच्या पलीकडची’ अशा अर्थाचा शब्द घातला. म्हणजे ही भाकर ताटातलीही आहे आणि वेदीवरचीही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही या शब्दाचे हे दोन्ही अर्थ दिले आहेत आणि तिथे आपल्याला मान्नाची आठवण करून दिली आहे.

तेव्हा आज मान्नाकडेच जाऊ. निर्गमच्या पुस्तकाचा १६ वा अध्याय काढा.

मिसर देशातून बाहेर पडून इस्राएल लोकांना नुकता महिना झाला होता. तांबडा समुद्र दुभंगलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तरी पोटात भूक उठली तशी कुरकूर सुरू झाली. मिसरमध्ये मांसाच्या हंड्यांपाशी बसून पोटभर खात होतो, तिथेच मेलो असतो तर बरे झाले असते, असे ते मोशेला म्हणू लागले. गुलामगिरीतले फटके विसरले आणि हंडी तेवढी लक्षात राहिली! देवाने त्यांना शिक्षा केली नाही. संध्याकाळी लावे पक्षी आले आणि सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर हिमकणांसारखे काहीतरी बारीक पसरलेले दिसले. ‘हे काय आहे?’ असे ते एकमेकांना विचारू लागले. त्या प्रश्नावरूनच ‘मान्ना’ हे नाव पडले. म्हणजे चाळीस वर्षे ते जे खात होते त्याचे नावच मुळी एक प्रश्न होता.

देवाने नियम घालून दिला तो असा: माणशी एक ओमर गोळा करा, म्हणजे आजच्या मापाने सुमारे दोन लिटर. सकाळपर्यंत काही शिल्लक ठेवू नका. अर्थात काहींनी ठेवलेच. आपणही ठेवले असते. उद्या पडलाच नाही तर, या विचाराने कुणा बाईने मडक्यात झाकून ठेवला असेल. सकाळी त्यात किडे पडले आणि घाण सुटली.

आमच्या मते या अध्यायाचे मर्म त्या मडक्यात आहे. देवाचे दान वाईट नव्हते. कालपर्यंत ते गोड होते, मध घातलेल्या पोळीसारखे लागत होते. पण ते एका दिवसाच्या मापाने दिलेले होते. कृपेचेही तसेच आहे. आजच्या संकटाला आजची कृपा मिळते. आपण उद्याचे संकट आजच ओढून आणतो, पण उद्याची कृपा काही आज हाती नसते. मग रात्री दोन वाजता डोळे उघडे ठेवून आपण त्या संकटाशी एकटेच झुंजत बसतो. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशूने उद्याची चिंता उद्यावर सोडायला सांगितले ते एवढ्यासाठीच. उद्या त्रास नसेल असे त्याने म्हटलेले नाही. उलट प्रत्येक दिवसाला त्याचा त्रास असतो, हे त्याने तिथेच मान्य केले आहे.

आमच्या समूहात हा अध्याय वाचला तेव्हा एका गृहस्थांनी लगेच विचारले, “मग बँकेत पैसे ठेवायचे नाहीत का? विमा काढायचा नाही का?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्याच अध्यायात आहे. सहाव्या दिवशी प्रत्येकाने दुप्पट, म्हणजे दोन ओमर गोळा करायचे होते, कारण सातवा दिवस विसाव्याचा. आणि सहाव्या दिवशी ठेवलेला मान्ना सकाळी नासला नाही. तेच मडके, तेच अन्न. एका दिवशी साठवणे अविश्वासाचे होते, दुसऱ्या दिवशी आज्ञापालनाचे. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, म्हणून आपल्या कोळीवाड्यांतल्या बाया उन्हातच बोंबील आणि जवळा सुकवून ठेवतात. आगोटीची ही बेगमी म्हणजे देवावर अविश्वास नव्हे. मुलांच्या शिक्षणासाठी महिन्याला थोडे बाजूला टाकणे हाही नव्हे. पण बेगमी करून झाल्यावर रात्री शांत झोप लागते का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे. लागत नसेल तर मडके कितीही मोठे घेतले तरी पुरणार नाही.

इथे मराठी भाषेची एक गंमत सांगावीशी वाटते. ‘विसंबणे’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आपण कुणावर विसंबतो म्हणजे त्याच्यावर भरवसा टाकतो. आणि आई तान्ह्याला क्षणभरही विसंबत नाही म्हणजे ती त्याला विसरत नाही, दूर ठेवत नाही. आपण देवावर विसंबावे आणि देवाने आपल्याला विसंबू नये, असे हे दुहेरी नाते आहे.

त्याच बैठकीत दुसरा एक प्रश्न आला. तो अवघड होता. २०२१ च्या उन्हाळ्यात, त्या दुसऱ्या लाटेत, ज्यांचा नवरा आठ दिवसांत गेला अशा एक ताई आमच्यात असतात. त्या सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “आम्हीपण मागितलं होतं. रोज मागितलं होतं. आमच्या दारात मान्ना का पडला नाही?”

कुणी काही बोलले नाही. उत्तर आम्हाला तेव्हा सुचले नाही आणि आजही आमच्याकडे ते नाही. देवावर विसंबणे म्हणजे मागितलेले मिळणे, असे जो सांगेल तो या ताईंना काय सांगणार? गेथशेमानी बागेत प्रभूनेही मागितले होते, आणि तो प्याला टळला नाही. त्या रात्री त्याला एवढेच मिळाले की तो उठला आणि पुढचे पाऊल टाकू शकला. लूकने लिहिले आहे की एक देवदूत त्याला बळ द्यायला आला होता. प्याला काढून घ्यायला आलेला नव्हता.

थोड्या वेळाने ताई स्वतःच पुढे बोलल्या. “पहिलं वर्ष कसं गेलं ते सांगता येत नाही. उद्याचा विचार केला असता तर उठलेच नसते. चहा करायचा, पोरांना जेवण द्यायचं, एवढंच. आणि ओट्यावर कुणीतरी भाजी ठेवून जायचं. कोण ते अजून ठाऊक नाही.”

घरी जाऊन आम्ही निर्गमचा तो अध्याय पुन्हा वाचला, आणि आजवर नजरेतून सुटलेली एक गोष्ट दिसली. देवाने सांगितले होते की प्रत्येकाने आपल्या तंबूतल्या माणसांच्या संख्येप्रमाणे गोळा करावे. तंबूत म्हातारी माणसे होती, आजारी होती, तान्ही मुले होती. ती पहाटे उठून वाकून मान्ना वेचू शकत नव्हती. त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी वेचला. मापून पाहिले तेव्हा जास्त वेचणाऱ्याकडे जास्त उरला नाही आणि कमी वेचणाऱ्याला कमी पडला नाही. संत पौलाने हीच ओळ करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात घेतली आहे, तीही कशासाठी, तर वर्गणीसाठी! जेरुसलेमच्या गरीब ख्रिस्ती बांधवांसाठी पैसे गोळा करायचे होते, तेव्हा त्याने करिंथच्या लोकांना मान्नाची आठवण दिली. म्हणजे देव देतो ते पुष्कळदा शेजाऱ्याच्या हाताने देतो. प्रार्थनेतही आपण ‘माझी’ भाकर मागत नाही. ज्याच्या ओट्यावर आज भाजी ठेवायला हवी, त्याच्यासाठी आपणच देवाचे उत्तर असू शकतो. आणि ते आपण घरी विसरून आलो, असेही होऊ शकते.

दिवसापुरते जगणे कसे असते याचे एक मोठे उदाहरण आपल्याच काळातले आहे. व्हिएतनामचे फ्रान्सिस झेवियर न्गुएन व्हान थुआन यांना सायगावच्या आर्चबिशपांचे सहायक व वारसदार म्हणून नेमले गेले होते. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. १५ ऑगस्ट १९७५ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, त्यांना कम्युनिस्ट सरकारने अटक केली. तेरा वर्षे ते कैदेत होते आणि त्यातली नऊ वर्षे एकांतवासात. सुरुवातीला आपण सुटकेची वाट पाहत होतो, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. मग त्यांच्या लक्षात आले की वाट पाहता पाहताच कितीतरी कैदी मरून जातात. त्यांनी ठरवले की वाट पाहायची नाही. आजचा दिवस, हा क्षण, प्रेमाने भरून जगायचा. एका लहान मुलाकडून त्यांनी जुन्या कॅलेंडरचे कागद मागवले आणि रात्री त्यांच्या पाठीवर आपल्या लोकांसाठी एकेक विचार लिहू लागले. त्यातून पुढे एक पुस्तक झाले.

त्यांना सगळ्यात जास्त छळत होती ती धर्मप्रांताची काळजी. तिकडे लोक मेंढपाळावाचून, कामे अर्धवट, आणि आपण इथे निकामी पडलेलो. एका रात्री त्यांना अंतःकरणात उमगले की देव वेगळा आणि देवाची कामे वेगळी. कामे देव दुसऱ्याकडून करून घेईल. आपण निवडायचे ते देवाला. चर्चच्या कमिट्यांत राबणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे कागदावर लिहून खिशात ठेवावे, आमच्यासकट.

आणि मिस्सा? पोटदुखीचे औषध म्हणून त्यांनी थोडा द्राक्षारस मागवला. लोकांना अर्थ कळला. औषधाची लहान बाटली आली आणि टॉर्चमध्ये लपवलेल्या ओस्त्या आल्या. तळहातावर तीन थेंब द्राक्षारस आणि एक थेंब पाणी घेऊन ते मिस्साबलिदान अर्पण करीत. तो तळहात हीच त्यांची वेदी आणि तोच पेला. २१ नोव्हेंबर १९८८ रोजी ते सुटले, २००१ मध्ये कार्डिनल झाले आणि १६ सप्टेंबर २००२ रोजी देवाघरी गेले. २०१७ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना ‘वंदनीय’ म्हणून घोषित केले.

मार्च २०२० मध्ये आपल्या चर्चची दारे बंद झाली आणि महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली ती १६ नोव्हेंबरला. तेवढे महिने आपण मोबाईलवर मिस्सा पाहिली. कम्युनियनची भूक म्हणजे काय, हे आपल्यापैकी काहींना तेव्हा पहिल्यांदा कळले. आता दारे उघडी आहेत, रोज सकाळी मिस्सा होते, आणि पुढच्या बाकांवर पुष्कळ जागा असते. मान्नाची आठवण करून दिल्यावर प्रभू येशूने कफर्णहूमच्या सभास्थानात सांगितले होते की जीवनाची भाकर मीच आहे. तुमच्या वाडवडिलांनी खाल्लेली भाकर खाऊनही ते मेले, ही तशी नाही, असेही सांगितले. ते ऐकून बरेच शिष्य सोडून गेले.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मान्ना थांबला. यहोशवाच्या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात आहे की इस्राएल लोकांनी वचनदत्त देशातले धान्य खाल्ले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो पडेनासा झाला. त्या सकाळी कुणीतरी सवयीने भांडे घेऊन तंबूबाहेर आले असेल आणि रिकामी जमीन पाहून घाबरले असेल. पण समोर शेत उभे होते. आता नांगरायचे, पेरायचे, पावसाची वाट पाहायची. चाळीस वर्षे आयते वेचणाऱ्यांना देवावर विसंबणे पुन्हा पहिल्यापासून शिकायचे होते, यावेळी हातात विळा घेऊन.

या आठवड्यात रोझरीनंतर घरात निर्गमचा १६ वा अध्याय मोठ्याने वाचावा, अशी आमची विनंती आहे. एकूण ३६ वचने आहेत, पाच-सात मिनिटे लागतात. घरातल्या सगळ्यात लहान वाचत्या मुलाला वाचायला सांगा. मग प्रत्येकाने एवढेच सांगायचे की आज आपल्याला काय मिळाले आणि ते कुणाच्या हाताने मिळाले. आजी-आजोबांना आधी बोलू द्या. ज्या घरात माणूस एकटाच आहे, तिथे समूहातल्या दोघा-तिघांनी जाऊन वाचावे. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका.